परमगुरूंच्या अंगणातील हत्ती

आपल्या वाड्यांतून घर म्हटले की माणसांबरोबर आणखी काही जीव त्यात गृहीत धरलेले असतात. ओट्यावर पहुडलेला कुत्रा, चुलीच्या उबेला बसणारी मांजर, मागील दारी दाणे टिपणाऱ्या कोंबड्या, गोठ्यातील गाय आणि एखाद्या घरी पडवीत टांगलेला पोपटाचा पिंजरा. या सोबतीचे आपल्याला नवल वाटत नाही. परंतु पाचशे वर्षांपूर्वी ख्रिस्तसभेच्या सर्वोच्च धर्मगुरूंच्या घरीही असाच प्राण्यांचा गोतावळा नांदत होता आणि त्यातला सर्वांत लाडका जीव आपल्या देशातून तेथे गेलेला होता, ही हकिगत आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. ती गमतीची आहे, तशीच विचार करायला लावणारीही आहे.

हे परमगुरू म्हणजे पोप दहावे लिओ. 'लिओ' या लॅटिन शब्दाचा अर्थच सिंह. २०२५ साली चौदाव्या लिओंची निवड झाली तेव्हा हे नाव पुन्हा जगभर दुमदुमले. दहाव्या लिओंचे मूळ नाव जोव्हानी दे मेदिची. फ्लॉरेन्सच्या ऐश्वर्यसंपन्न मेदिची घराण्यात १४७५ साली त्यांचा जन्म झाला. फ्लॉरेन्स नगराला सिंह पाळण्याची जुनी हौस होती. नगरसभेच्या प्रासादामागे सिंहांचे पिंजरे असत. जोव्हानी बारा वर्षांचे व्हायचे होते, त्या सुमारास १४८७ च्या नोव्हेंबरात इजिप्तच्या सुलतानाने त्यांचे वडील लॉरेन्झो यांना एक जिराफ नजराणा म्हणून पाठविला. सारे नगर तो पाहण्यासाठी लोटले. पण हे कौतुक फार दिवस टिकले नाही. तबेल्याच्या तुळयांत मान अडकून काही महिन्यांतच तो जिराफ दगावला. ज्या घराने त्याला मानाने आणले, त्या घराचे छप्पर त्याच्या मानेला पुरले नाही. पुढे याच घरचा मुलगा रोमला गेला तेव्हा दुरून आलेल्या जनावरांची आवड त्याच्याबरोबर गेली. जिराफाचा धडा मात्र फ्लॉरेन्सलाच राहिला.

जोव्हानी १५१३ च्या मार्च महिन्यात पोपपदी आले. ते शिकारीचे शौकीन होते, तेव्हा शिकारी कुत्रे आणि बहिरी ससाणे त्यांच्या पदरी होतेच. त्यांत परदेशी प्राण्यांची भर पडत गेली. अशा यजमानाला काय आवडेल हे पोर्तुगालचा राजा मॅन्युएल याने नेमके हेरले.

गोवा १५१० साली पोर्तुगिजांच्या हाती गेले होते. पूर्वेच्या समुद्रावरील आपल्या हक्कांना परमगुरूंची मान्यता मिळावी, ही राजाची मोठी इच्छा. त्यासाठी त्रिस्तांव द कुन्या या अनुभवी दर्यावर्दीच्या नेतृत्वाखाली त्याने रोमला एक भव्य वकिलात धाडली. तिच्याबरोबर जडजवाहीर होते, इराणी घोडा होता, चित्ता होता, पोपट होते. आणि या सर्वांवर कडी करणारा, फिकट रंगाचा एक तरुण हत्ती होता. तो कोचीनहून लिस्बनला नेलेला होता. रोमकरांनी त्याचे नाव ठेवले 'हॅनो'. मलयाळम भाषेत हत्तीला 'आना' म्हणतात. त्याच शब्दाचे हे रूपांतर असावे असे काही अभ्यासकांना वाटते. नाव बदलले, पण बदलून पुरते बदलले नाही, असेच म्हणायचे.

हॅनोचा प्रवास सुखाचा नव्हता. किनाऱ्यावर उतरल्यापासून रोमपर्यंत त्याला पायी चालवीत नेले. वाटेतल्या गावांतून लोकांची इतकी झुंबड उडाली की बघ्यांच्या भाराने घरांची छपरे मोडली. शेवटी १२ मार्च १५१४ रोजी ही मिरवणूक रोम शहरात शिरली. हत्तीच्या पाठीवर रुपेरी अंबारी होती आणि सोबत भारतीय माहूत होता. सेंट अँजेलो किल्ल्यापाशी परमगुरू दिसताच माहुताच्या इशाऱ्यावर हॅनोने तीनदा गुडघे टेकून वंदन केले. मग सोंडेत पाणी भरून त्याने ते जमलेल्या मंडळींवर उडविले. कार्डिनल भिजले, लोक भिजले, आणि परमगुरू मनमुराद हसले.

या हास्याला राजकारणाची किनार होती हे विसरून चालणार नाही. त्याच वर्षी ७ जून रोजी लिओंनी पोर्तुगालच्या राजाचे 'पाद्रोआदो', म्हणजे नव्या मुलखांतील चर्चेसचा आश्रयाधिकार, मान्य करणारे फर्मान काढले. नोव्हेंबरात आणखी एक फर्मान निघाले. हे सारे एका हत्तीमुळे झाले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. त्यामागे अनेक वर्षांच्या वाटाघाटी होत्या. परंतु ज्या पाद्रोआदोच्या छत्राखाली पुढे गोव्यात आणि वसईत आपल्या पूर्वजांची देवळे उभी राहिली, त्याच्या इतिहासात एका मुक्या जनावराची पावले उमटलेली आहेत, एवढे नक्की.

लिओंचा हॅनोवर खरोखर जीव जडला. त्याला व्हॅटिकनच्या परिसरातच जागा दिली गेली आणि त्याच्या देखभालीसाठी ब्रांकोनियो दे'लाक्विला या खाशा सेवकाची नेमणूक झाली. सणासुदीला हत्ती मिरवणुकीत दिसू लागला, आणि येथेच लाडाचे रूपांतर तमाशात झाले. बाराबाल्लो नावाचा एक वृद्ध धर्मगुरू स्वतःला महाकवी समजत असे. त्याची थट्टा करण्यासाठी २७ सप्टेंबर १५१४ रोजी, संत कोस्मास व संत दामियान यांच्या सणाच्या दिवशी, त्याला हत्तीवर बसवून राज्याभिषेकाला नेण्याचा घाट घातला गेला. ढोल आणि कर्णे वाजू लागले. सेंट अँजेलोच्या पुलाशी येताच त्या गोंगाटाने हत्ती बिथरला आणि काही केल्या पुढे जाईना. बिचाऱ्या कवीला खाली उतरावे लागले. एवढ्या मोठ्या जमावात थट्टेला नकार देणारा जीव तो एकच निघाला.

दरम्यान आपल्या किनाऱ्यावर याच कथेचा दुसरा अध्याय सुरू झाला होता. दीव बेटावर किल्ला बांधू द्यावा अशी विनंती करण्यासाठी गोव्याचा गव्हर्नर आल्बुकर्क याने गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याच्याकडे १५१४ साली वकील पाठविले. सुलतानाने किल्ल्याला नकार दिला. पण शिष्टाचार म्हणून एक गेंडा भेट दिला. तो गोव्यात आणला गेला आणि आल्बुकर्कने १५१५ च्या जानेवारीत त्याला राजा मॅन्युएलसाठी जहाजावर चढविले. त्याच्यासोबत त्याचा राखणदारही होता. पोर्तुगीज त्याचे नाव 'ओसेम' असे लिहितात. गवत आणि शिजवलेला भात खात तो गेंडा २० मे रोजी लिस्बनला जिवंत पोहोचला. प्राचीन रोमन साम्राज्याच्या काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिला नव्हता. आपला 'गेंडा' हा शब्दही 'गांदा' होऊन त्यांच्या भाषेत गेला.

राजाने ३ जून रोजी, पवित्र त्रैक्याच्या सणाला, त्याची एका तरुण हत्तीशी झुंज ठरविली. हत्ती त्याला पाहताच पळत सुटला. या गेंड्याचे एक रेखाचित्र आणि वर्णन जर्मनीत आल्ब्रेख्त ड्यूरर या चित्रकाराच्या हाती पडले. त्याने गेंडा कधीच पाहिला नव्हता. तरी चिलखत घातल्यासारखी कातडी आणि पाठीवर एक जादा शिंग असलेले त्याचे ठसाचित्र युरोपात इतके पसरले की पुढील दोन-अडीचशे वर्षे लोक त्यालाच खरा गेंडा मानीत राहिले.

हॅनोचे यश पाहून मॅन्युएलने गेंडाही परमगुरूंनाच भेट द्यायचे ठरविले. हिरव्या मखमलीचा फुलांनी सजविलेला पट्टा आणि सोनेरी मुलाम्याची साखळी घालून १५१५ च्या डिसेंबरात त्याची रवानगी झाली. वाटेत मार्सेयजवळच्या बेटावर फ्रान्सच्या राजाने त्याला पाहिले. पुढे इटलीच्या किनाऱ्यालगत पोर्तो व्हेनेरेजवळ वादळात जहाज बुडाले. गेंड्याला पोहता येते. पण हा डेकवर साखळदंडाने जखडलेला होता. तो जहाजाबरोबर तळाशी गेला.

त्याच वर्षी रोमला दुसरा आघात झाला. हॅनो आजारी पडला. त्याला श्वास घेणे जड जाऊ लागले, पोट कोंडले. परमगुरूंनी आपले वैद्य बोलाविले. माणसांच्या वैद्यकात त्या काळी सोन्याला फार मान होता. त्यांनी हत्तीला सोने मिसळलेले जुलाबाचे भारी औषध दिले. त्या औषधानंतर ८ जून १५१६ रोजी हॅनो गेला. रोममध्ये तो जेमतेम सव्वादोन वर्षे राहिला आणि मृत्यूसमयी सात वर्षांच्या आसपासचा होता. हत्तीचे आयुष्य माणसाइतके असते हे लक्षात घेतले, तर ते मूलच होते.

लिओंना अतिशय दुःख झाले. त्यांनी स्वतः मृत्युलेख रचला आणि थोर चित्रकार राफाएलला व्हॅटिकनच्या प्रवेशद्वाराजवळील भिंतीवर हॅनोचे पूर्णाकृती चित्र काढावयास सांगितले. ती भिंत आज उरलेली नाही. या साऱ्या थाटावर त्या काळीच टीका झाली. खुद्द मार्टिन ल्यूथरच्या लिखाणात या हत्तीचा उपहास आढळतो. हॅनोच्या मृत्यूनंतर दीड वर्षाच्या आत, १५१७ साली, ल्यूथरची पंचाण्णव विधाने प्रसिद्ध झाली आणि ख्रिस्तसभेपुढे फार मोठे वादळ उभे राहिले. १९६२ साली व्हॅटिकनच्या बेल्वेडेर चौकात खोदकाम चालू असताना कामगारांना एका मोठ्या जनावराचा दात आणि जबड्याचे तुकडे सापडले. ते हॅनोचे अवशेष होते.

या कथेतील लिओंना निर्दय म्हणता येणार नाही. हॅनोला सोन्याचे औषध देणारे हात त्याला मारू पाहत नव्हते. जगातील मौल्यवान गोष्ट ते त्याच्या मुखी घालीत होते. उणीव मायेची नव्हती. हत्तीला काय हवे, काय सोसते, तो कोणत्या हवेत जगतो, हे विचारण्याची गरज त्या घरात कोणाला वाटली नाही. ज्याला हे ठाऊक असेल असा माहूत हाताशी होता. पण औषधयोजना झाली ती दरबारी वैद्यांची. जिराफाला छप्पर कमी पडले, गेंड्याला साखळी नडली, हत्तीला सोने बाधले. तिन्ही वेळा प्राण्याला मानाच्या वस्तूची जागा मिळाली.

म्हणून पडवीतल्या त्या पिंजऱ्याकडे पुन्हा वळावेसे वाटते. आपला हिरवा, लाल चोचीचा पोपट आपण मायेने मिठू म्हणून हाक मारतो, डाळ-मिरची भरवतो. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार या देशातील रानपोपट घरी पाळणे हा गुन्हा आहे, हे पुष्कळ सज्जन कुटुंबांना अजूनही ठाऊक नसते. शहरांतून आता मकाव, इग्वाना असे दूरदेशीचे जीवही घरोघरी येऊ लागले आहेत. आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या अशा प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनी सक्तीची केली आहे. कायदा नोंद मागतो. पण प्राणी घरी आणण्यापूर्वी घरातल्या मुलांनी थोरांना आणि थोरांनी स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा : हा जीव आपल्याला आवडतो हे खरे, पण आपले घर त्याला मानवेल का?

कुत्र्याचे उत्तर आपल्याला माहीत आहे. हजारो वर्षांच्या सोबतीतून ते मिळाले आहे. हत्तीचे उत्तर हॅनोने सेंट अँजेलोच्या पुलावर दिले होते. तो थांबला होता. त्या दिवशी सगळे हसले, आणि तो का थांबला हे कोणी विचारले नाही.