डॅन्यूबच्या लाटा, जव्हारचा बँड

ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलण्यातलं बोलणं तसंच ठेवलंय, फक्त माझं अडखळणं काढून टाकलंय.

माझे आजोबा जव्हारच्या एका लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. जव्हार, मोखाडा, खोडाळा, जिथे लग्न तिथे बँड. वरात दाराशी आली की ते एक धून हमखास काढायचे. ‘बरसात’ची. १९४९ चा चित्रपट, शंकर-जयकिशन यांचा पहिलाच. त्यात राज कपूर व्हायोलिनवर जी धून वाजवतो, तीच ही. आजोबांच्या लेखी ती शंकर-जयकिशनची. माझ्याही लेखी तीच, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापर्यंत.

मग हॉस्टेलवर कुणीतरी एक जुनी वॉल्ट्झ लावली आणि मी ओरडलो, अरे, ही आमच्या आजोबांची!

तर ती होती ‘डॅन्यूबच्या लाटा’. पुष्कळ लोक ही आणि योहान श्ट्राउसची ‘ब्लू डॅन्यूब’ एकच समजतात. श्ट्राउसची १८६७ ची, व्हिएन्नाची. ही १८८० ची, रोमानियाची. रचनाकार योसिफ इव्हानोविची. हा माणूस कोण? सैन्यातला बँडमास्तर! म्हणजे ही धून मुळात लिहिली गेली ती फुंकून वाजवायच्या वाद्यांसाठी. पुढे एमिल वाल्डटॉयफेल या फ्रेंच संगीतकाराने ती मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी बांधली, १८८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ती वाजली आणि जगभर गेली. फिरत फिरत मुंबईच्या सिनेमात आली, तिथे व्हायोलिनवर चढली, आणि तिथून जव्हारच्या वरातीत, परत क्लॅरिनेटवर.

आपले लग्नाचे बँडही मूळचे छावणीतल्या इंग्रजी बँडवरूनच आले. पितळी बटणांचा तो लाल कोट उगाच नाही. म्हणजे एका पलटणीच्या बँडमधून निघालेली धून सत्तर-ऐंशी वर्षांनी दुसऱ्या पलटणीच्या वारसदारांकडे पोचली. मधल्या प्रवासाचा पत्ता दोघांनाही नव्हता.

आता आजोबा ८१ वर्षांचे आहेत. डॉक्टरांनी फुंकायचं वाद्य बंद करायला सांगितलंय. बँडही जवळजवळ मोडलाय, वराती डीजेवाल्यांकडे गेल्या. चुलत बहिणीचं लग्न मोखाड्याला ठरलं तेव्हा आजोबा एवढंच म्हणाले, “एकदा वाजवली असती.” मी म्हटलं, मी लिहून देतो. पाच जण मिळाले: दोन क्लॅरिनेट, एक आल्टो सॅक्सोफोन, एक ट्रम्पेट, एक युफोनियम. शिवाय साइड ड्रम.

पहिल्या तालमीत माझी फजिती झाली. मी कॉम्प्युटरवरून सगळ्यांना एकाच पट्टीतले स्वर काढून दिले. पण क्लॅरिनेटवर ‘सी’ वाजवला की ऐकू येतो बी फ्लॅट, आणि आल्टो सॅक्सवर तोच ‘सी’ वाजवला की ई फ्लॅट. जो कल्ला झाला तो विचारू नका. सगळे हसले. आजोबांनी त्यांची वही काढली. त्यात सगळं सारेगममध्ये, आणि प्रत्येक वाद्याचा ‘सा’ कुठे धरायचा ते वर लिहिलेलं. पाच ओळींचं नोटेशन त्यांना येत नाही. गरजही पडली नव्हती.

खरी अडचण पुढेच होती. श्वास. व्हायोलिनवाला गज परत फिरवतो, त्याला थांबावं लागत नाही. फुंकणाऱ्याला थांबावं लागतं. ऑर्केस्ट्राच्या प्रतीवरून उतरवताना मी लांबच लांब ओळी तशाच ठेवल्या होत्या. आजोबांचा दम तिसऱ्याच ओळीला तुटला. त्यांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

आमच्याकडे तारपा वाजवणारे न थांबता वाजवतात. गालात हवा धरायची, ती भोपळ्यात सोडता सोडता नाकाने नवा श्वास घ्यायचा. वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडांसारख्या जाणत्यांकडे ही विद्या घराण्यात आलेली. नाचणारे भोवती फेर धरतात आणि सूर तुटतच नाही. पण ती कला आठवड्यात शिकता येत नाही, ८१ व्या वर्षी तर नाहीच.

मग मी धून तोडली. चार मात्रावर्तनं आजोबांना, पुढची चार दुसऱ्या क्लॅरिनेटला. एक वाजवतो तेव्हा दुसरा श्वास घेतो. जोडाच्या जागी दोघेही एक स्वर सोबत धरतात, म्हणजे सांधा दिसत नाही. खाली युफोनियम पहिल्या मात्रेवर ‘धूम’, आणि दुसऱ्या-तिसऱ्यावर सॅक्स-ट्रम्पेटचं ‘पा-पा’. ड्रमवाल्या काकांना वॉल्ट्झ सांगायला गेलो तर ते म्हणाले, “दादराच ना?” तीन आणि तीन, सहा मात्रा. वॉल्ट्झची दोन आवर्तनं म्हणजे दादऱ्याचं एक. व्हिएन्नात प्रत्येक तीनचा पहिला ठोका जड पडतो, काकांनी एकाआड एक हलका ठेवला. मी दुरुस्त करायला गेलो नाही. छान डुलत होतं.

मला वाटत होतं, मी मोठी गोष्ट लहान करतोय, ऑर्केस्ट्राची काटछाट करतोय. तसं नव्हतं. या धुनीत श्वासाच्या जागा आधी होत्याच, कारण लिहिणारा बँडवाला होता. व्हायोलिनांच्या हाती गेल्यावर त्या कुणाला लागल्या नाहीत, एवढंच.

मोखाड्याला वरात दारात आली तेव्हा आजोबांनी त्यांच्या वाटच्या ओळी वाजवल्या. शेवटच्या दोन सोडून. त्या दुसऱ्या क्लॅरिनेटने उचलल्या, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

घरी परतताना मी त्यांना सांगितलं, आजोबा, ही धून रोमानियाच्या एका बँडमास्तराची. ते म्हणाले, “मग बरोबर आहे. हाताला बसते.”

तर मंडळी, तुमच्या गावच्या बँडची अशी एखादी हमखास धून असेल तर जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात.