बेअरिंगमधील वंगणाची उपासमार आणि तिचे संगणकीय गणित

वडोदरा हे नाव मराठी वाचकाच्या मनात सयाजीराव गायकवाडांशी जोडलेले आहे. त्यांनी 1890 मध्ये स्थापन केलेल्या कलाभवनातून यंत्रविद्येचे शिक्षण सुरू झाले. पुढे हीच संस्था महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भाग झाली. याच शहरात 1962 मध्ये बेअरिंगनिर्मितीची कंपनी उभी राहिली. फॅग बेअरिंग्ज या नावाने ओळखली गेलेली ही कंपनी 2017 पासून शेफलर इंडिया या नावाने चालते. तिचा मांजलपूरच्या दक्षिणेकडील मानेजा येथील कारखाना देशातील बेअरिंग उद्योगाच्या प्रमुख केंद्रांपैकी एक आहे.

बेअरिंगमध्ये दोन कड्यांच्या मधोमध पोलादी छर्रे किंवा रूळ फिरतात. छर्रा आणि कडे यांचा स्पर्श अतिशय लहान जागेत होतो. त्यामुळे तेथील दाब एक गिगापास्कलपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहा हजार पट, सहज पोहोचतो. इतक्या दाबाखाली तेल क्षणभर अतिशय घट्ट होते, पोलाद किंचित दबते आणि दोहोंमध्ये वंगणाचा पातळ पापुद्रा टिकून राहतो. त्याची जाडी सामान्यतः 0.1 ते 1 मायक्रोमीटर असते. केसाच्या जाडीचा हा जेमतेम शंभरावा भाग. पापुद्रा विरळ झाला की धातूला धातू घासतो आणि पृष्ठभाग झिजू लागतो.

उपासमार म्हणजे काय?

मुबलक तेल असता वेग वाढेल तसा पापुद्रा जाड होतो. ग्रीस भरलेल्या बेअरिंगमध्ये मात्र एका मर्यादेनंतर उलटे घडते. प्रत्येक छर्रा जाताना आपल्या मार्गातील तेल दोन्ही बाजूंना सारतो. ते तेल मार्गावर परत येण्यापूर्वीच पुढचा छर्रा येऊन ठेपतो. आठ छर्ऱ्यांच्या बेअरिंगचे आतील कडे मिनिटाला 1500 फेरे फिरत असेल, तर बाहेरील कड्याच्या एकाच बिंदूवरून छर्रे अंदाजे दर 12 मिलिसेकंदांनी जातात. वेग चौपट केला, तर ही मुदत 3 मिलिसेकंदांवर येते. भोवती ग्रीस असूनही स्पर्शस्थानी तेल न पोहोचण्याच्या या अवस्थेला ‘स्टार्व्हेशन’, म्हणजेच उपासमार, म्हणतात.

गणित कसे मांडतात?

ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी 1886 मध्ये मांडलेले समीकरण वंगणाचा दाब सांगते. पोलादाचे दबणे हर्ट्झ यांच्या 1881 च्या सिद्धान्तावरून मिळते. दोन्ही एकत्र सोडवल्याखेरीज पापुद्र्याची जाडी कळत नाही. परंतु जुन्या सूत्रांत प्रवेशद्वारी तेल भरपूर आहे, हे गृहीत होते. उपासमारीच्या प्रतिरूपात ते गृहीतक सोडावे लागते. शेव्हालिए, लुब्रेख्त आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये स्पर्शात शिरणाऱ्या तेलाच्या थराची जाडी हीच गणिताचा आरंभबिंदू मानली. थर फारच पातळ असेल, तर बाजूला सरकणारे तेल नगण्य ठरते आणि पापुद्र्याची जाडी जवळजवळ पुरवठ्यावरच अवलंबून राहते. कोठे तेल पूर्ण भरले आहे आणि कोठे अर्धवट, ही सीमाही संगणकाला शोधावी लागते.

व्यवहारातील अर्थ

या गणितातून एक महत्त्वाची गोष्ट कळते: किती ग्रीस भरले यापेक्षा किती तेल वेळेवर परत आले, हे निर्णायक. घट्ट तेल मुबलक पुरवठ्यात पापुद्रा वाढवते, पण परतीच्या वाटेवर हळू सरकते. जास्त ग्रीस कोंबले, तर ते घुसळले जाऊन उष्णता वाढते. म्हणून तेलाचा दाटपणा, ग्रीसमधून तेल सुटण्याचा वेग आणि छर्ऱ्यांच्या पिंजऱ्याची घडण यांचा मेळ प्रत्येक वेगासाठी निराळा घालावा लागतो. घरातील छताच्या पंख्यापासून रेल्वेच्या डब्यापर्यंत फिरणाऱ्या प्रत्येक आसाचे आयुष्य या मिलिसेकंदांच्या हिशेबावर उभे असते.