वाचकाकडे जाणारी वाट

दलित लेखकाने काय लिहिले याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. लिहिलेले वाचकापर्यंत पोहोचले कसे, हे मात्र क्वचितच विचारले जाते. आज ब्लॉग आणि फेसबुक यांच्या गजबजाटात हा प्रश्न मला विचारावासा वाटतो. त्याचे बरेचसे उत्तर मी राहतो त्या चिंचपोकळीच्या आसपासच आहे.

31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले, ते येथून चालत जाता येईल अशा परळच्या पोयबावडीतून. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले होते. पत्र निघते आहे हे लोकांना कळावे म्हणून 'केसरी'कडे जाहिरात पाठवली. पैसे मोजायची तयारी असूनही 'केसरी'ने ती छापली नाही. लेखणी होती, पैसा होता. वाचकाकडे जाणारा रस्ता मात्र प्रस्थापितांच्या ताब्यात होता.

मग वाचक मिळाला कोठून? ज्या समाजासाठी पत्र, तो बहुतांशी निरक्षर. माझे आजोबा गिरणीत साच्यावर होते. त्यांना अक्षर येत नव्हते, तरी 'जनता'त काय आले होते हे ते म्हातारपणीही सांगत. रात्रपाळी नसली की चाळीच्या व्हरांड्यात एकजण वाची आणि पंधरा-वीसजण ऐकत. मग तो अंक गावी निघालेल्या कोणाच्या तरी ट्रंकेत बसून कोकणात जाई. जिथे अंक जात नसे तिथे भीमराव कर्डकांसारख्यांचे जलसे जात. 'बहिष्कृत भारत' किंवा 'जनता' यांचा खरा वाचकवर्ग वर्गणीदारांच्या यादीत मोजताच येणार नाही. हेही एक समाजजालच होते. नाती, गाव, पाळी, युनियन हे त्याचे धागे होते. (आमच्या साक्षर टीकाकारांनी या ऐकणाऱ्यांना कधी वाचक मानले नाही, ही वेगळी गोष्ट.)

साठोत्तरी काळात अनियतकालिके निघाली, 1969 साली गिरगावात 'सत्यकथे'ची होळी झाली, औरंगाबादेतून 'अस्मितादर्श' उभे राहिले. तेव्हाही अंक हातोहातच फिरत.

ब्लॉग आला तेव्हा ही साखळी तुटली असे मला वाटले होते. 2010 च्या सुमारास विद्यार्थिदशेत मी लालबागच्या एका सायबर कॅफेत बसून ब्लॉग सुरू केला. संपादक नाही, नकाराचे पत्र नाही! पण ब्लॉग म्हणजे गल्लीच्या टोकाची खोली. वाचकाने आपणहून दार ठोठवायचे. मराठी ब्लॉग एकत्र दाखवणाऱ्या याद्या होत्या, एकमेकांच्या ब्लॉगचे दुवे देणारे लोक होते. पण त्या ओळखीत आम्ही नव्हतो. आजोबांवरचा माझा लेख वर्षभरात मोजक्याच मित्रांनी वाचला. मग एका 6 डिसेंबरला कोणीतरी त्याचा दुवा फेसबुकवर टाकला, आणि आठवड्याभरात नांदेडपासून दुबईपर्यंतची पत्रे आली. लेखात मी एक शब्दही बदलला नव्हता. वाचक आला तो माझे नाव ऐकून नव्हे, आपल्या माणसाने दिले म्हणून. व्हरांडा पुन्हा भरला होता.

मात्र दोहोंत फरक आहे. 2013 साली 'गूगल रीडर' बंद झाले, आणि आपण निवडलेले ब्लॉग क्रमाने वाचण्याची एक सोय गेली. जानेवारी 2018 मध्ये फेसबुकने मित्र-नातेवाइकांच्या नोंदींना अग्रक्रम देण्याचे जाहीर केले. कोणाला काय दिसावे हे एक हिशेबी यंत्रणा ठरवते. चाळीत अंक पुढे देणारा हात ओळखीचा होता. 'केसरी'चा नकारही उघड होता. बाबासाहेबांनी तो पुढे लिहून ठेवला. आज नाकारणारा दिसतच नाही. लेख छापला जातो, फक्त कोणापुढे येत नाही. आला तरी आपल्याच लोकांपुढे येतो. ज्या सवर्ण वाचकाशी वाद घालायचा, तो पलीकडच्या जाळ्यात सुखाने बसलेला असतो.

याचा परिणाम माझ्याच लेखणीवर झाला, हे कबूल केले पाहिजे. चार ओळींचा संताप शेकडो हातांनी पुढे जातो आणि 'जनता'च्या जुन्या अंकांवर महिनाभर खपून लिहिलेले तिथेच पडून राहते, हे दिसल्यावर मी चार ओळींचाच होत गेलो. दोन वर्षे मी एकही लांब लेख लिहिला नाही.

माझ्या वर्गातली एक मुलगी ब्लॉग लिहिते. गेल्या 6 डिसेंबरला तिने आपले तीन लेख झेरॉक्स करून, स्टेपल मारून, शिवाजी पार्कवर दहा रुपयांना विकायला ठेवले. दोनशे प्रती होत्या. संध्याकाळी सोळा उरल्या. एका बाईने दोन घेतल्या. मला वाचता येत नाही, म्हणाली, नातवाकडून वाचून घेईन. दुसरी शेजारच्या घरात देईन.