शूटर्स हिलवरील ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’ : सुवर्णदुर्गाचे इंग्लंडमधील स्मारक

प्रस्तावना :
लंडनच्या आग्नेयेस शूटर्स हिल ही टेकडी आहे. आज हा भाग लंडनच्या ग्रिनिच विभागात मोडत असला तरी अठराव्या शतकात तो केंट परगण्यातील ग्रामीण प्रदेश होता आणि डोव्हरकडे जाणारा जुना रस्ता याच टेकडीवरून जात असे. टेकडीवरील दाट झाडीत विटांचा एक त्रिकोणी मनोरा उभा आहे. त्याचे नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’. हर्णैजवळील सुवर्णदुर्गाच्या नावाचा हा इंग्रजी अपभ्रंश होय. या स्मारकास भेट दिली असता जे प्रश्न निर्माण झाले, त्यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्मारक व शिलालेख :
ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई आरमाराचा प्रमुख कमोडोर विल्यम जेम्स याने १७५५ मध्ये तुळाजी आंग्रे यांच्याकडून सुवर्णदुर्ग जिंकला. पुढे तो कंपनीचा संचालक व अध्यक्ष झाला. डिसेंबर १७८३ मध्ये त्याचे निधन झाल्यावर त्याच्या पत्नीने १७८४ मध्ये हा मनोरा बांधविला. वास्तुविशारद रिचर्ड जप हा कंपनीच्याच सेवेतील होता. उंची सुमारे ६३ फूट, तिन्ही कोपऱ्यांवर षट्कोनी बुरूज आणि गॉथिक पद्धतीच्या खिडक्या असे त्याचे स्वरूप आहे. त्यास किल्ला म्हणणे धाडसाचेच ठरेल. मूळ सुवर्णदुर्ग ज्याने पाहिला आहे त्यास तर हसूच येईल.

परंतु प्रवेशद्वारावरील शिलालेख वाचताना हे हसू मावळते. ‘मलबार किनाऱ्यावरील’ हा दुर्ग २ एप्रिल १७५५ रोजी जेम्सच्या श्रेष्ठ शौर्यापुढे व कुशल नेतृत्वापुढे पडला, असा त्याचा आशय आहे. कोकणास मलबार म्हणणे ही तत्कालीन इंग्रजांची सवय होती, ते सोडून देऊ. लेखात आंग्रे यांचे नाव नाही आणि पेशव्यांचेही नाही.

वस्तुस्थिती अशी की, ही मोहीम पेशवे व मुंबईकर इंग्रज यांच्यात मार्च १७५५ मध्ये झालेल्या करारातून उद्भवली होती. तुळाजी पेशव्यांची सत्ता जुमानीत नव्हते. नानासाहेब पेशव्यांच्या वतीने कोकणचे सुभेदार रामाजी महादेव यांनी इंग्रजांशी संधान बांधले. किनाऱ्यावरील किल्ल्यांना मराठी फौजेने वेढा दिला, तर जेम्सने ४४ तोफांच्या ‘प्रोटेक्टर’ या जहाजावरून जलदुर्गावर मारा केला. आतील दारूच्या कोठाराचा स्फोट झाल्याने प्रतिकार ढासळला. मराठी गलबते मागेच राहिली असे इंग्रजी वृत्तांत सांगतात. ते मान्य केले तरी युद्ध एकट्या जेम्सचे ठरत नाही. शिवाय जिंकलेला सुवर्णदुर्ग कंपनीकडे राहिला नाही, तो पेशव्यांकडे आला. इंग्रजांच्या पदरी बाणकोट पडले. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गही पडला व तुळाजींना उर्वरित आयुष्य पेशव्यांच्या कैदेत काढावे लागले.

शिलालेखाने पेशव्यांना वगळले याचा राग येणे स्वाभाविक आहे. तथापि आपल्याकडेही या प्रसंगाचे वर्णन ‘इंग्रजांनी आंग्र्यांचे आरमार बुडविले’ एवढ्या एका वाक्यात उरकले जाते. मराठ्यांच्या सागरी सामर्थ्याचा कणा मोडण्यासाठी मराठी राज्याच्या प्रधानानेच परक्या आरमारास पाचारण केले, हा भाग दोन्हीकडील कथनांत अडचणीचा आहे. इंग्रजांना तो नायकासाठी नको होता, आपल्याला अभिमानासाठी. यात केवळ नानासाहेबांना दोषी ठरविणेही सोपे, पण अपुरे आहे. तुळाजींशी असलेले वैर खरे होते. मात्र ते मिटविण्याचे साधन निवडताना कंपनीच्या आरमाराचे मोल ओळखले गेले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा मनोरा १९८६ मध्ये बंद झाला होता. स्थानिक नागरिकांच्या प्रयत्नांतून त्याची दुरुस्ती होऊन २०१४ मध्ये तो पुन्हा खुला झाला. माथ्यावरून थेम्स नदी आणि लंडन शहर दिसते.

सुवर्णदुर्गाचा इंग्रजांशी संबंध १७५५ मध्येच संपला नाही. १८०२ मध्ये होळकरांच्या भीतीने पुणे सोडलेल्या दुसऱ्या बाजीरावाने याच दुर्गात आश्रय घेतला. तेथून तो इंग्रजी जहाजाने वसईस गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने कंपनीशी तह केला.