सिस्टिमसीटीएल सस्पेंड

सिस्टिमसीटीएल सस्पेंड ही लिनक्स संगणकाला टर्मिनलमधून निद्रावस्थेत नेणारी आज्ञा आहे. सिस्टिमडी वापरणाऱ्या डेबियन, उबुंटू, फेडोरा इत्यादी वितरणांत ती चालते. ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत, दोन शब्दांमध्ये जागा सोडून टंकावी लागते. ‘सस्पेंड’ म्हटले की नोकरीतील निलंबन आठवते; येथे अर्थ तात्पुरते थांबवणे एवढाच.

आज्ञा मिळताच चालू प्रोग्राम जागच्या जागी गोठवले जातात, पडदा व प्रोसेसर थांबतात आणि रॅमला मात्र वीज मिळत राहते. त्यामुळे जागा केल्यावर संगणक काही क्षणांत पूर्वस्थितीत येतो. परंतु रॅममधील मजकूर विजेवरच टिकतो. बॅटरी संपली, किंवा बॅटरी नसलेल्या संगणकाची वीज खंडित झाली, तर जतन न केलेले काम नष्ट होते. म्हणून आज्ञेपूर्वी फाइल जतन करणे श्रेयस्कर.

दीर्घ विरामासाठी सिस्टिमसीटीएल हायबरनेट अधिक सुरक्षित होय. तीत रॅममधील मजकूर डिस्कवरील स्वॅप जागेत लिहून संगणक बंद होतो. ही जागा अपुरी असल्यास आज्ञा निष्फळ ठरते. सिस्टिमसीटीएल हायब्रिड-स्लीप मजकूर डिस्कवर लिहूनही रॅमचा वीजपुरवठा चालू ठेवते.

मॅकओएसमध्ये निद्रावस्थेसाठी पीएमसेट स्लीपनाऊ ही आज्ञा आहे.