एका हरफाचा तोतया

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी लॅपटॉप घेऊन घरी आला. चिखलीत बारावी करून तो इंजिनिअरिंगला गेला, आता पायथॉन शिकतोय. मला दाखवायचे म्हणून त्याने एक आज्ञा टाइप केली, तर पडद्यावर लाल अक्षरांत उत्तर आले की या नावाचे काही सापडत नाही. नावातले एक अक्षर त्याने खाल्ले होते. "स्पेलिंग चुकलं, सर," म्हणत तो ओशाळला. शाळेत त्याचे स्पेलिंगचे अर्धे अर्धे गुण मीच कापले होते.

पुढे या विषयावर वाचत गेलो तेव्हा कळले, की ते लाल उत्तर म्हणजे त्याचे नशीब होते. त्या चुकलेल्या नावाने कुणी आधीच दुकान मांडून बसला असता, तर लाल अक्षरे दिसलीच नसती. सगळे सुरळीत झाले असे वाटून पोरगा पुढच्या कामाला लागला असता.

असे दुसऱ्याच्या नावावर बसणाऱ्यासाठी मराठीत नेमका शब्द आहे: तोतया. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या मृत्यूबद्दल लोकांच्या मनात शंका राहिली. पत्नी पार्वतीबाईंनी तर वैधव्य मानलेच नाही. त्या शंकेच्या फटीतून एक कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणत पुढे आला. माधवराव पेशव्यांच्या काळात चौकशी होऊन तो कैदेत गेला. तरीही १७७६मध्ये तो सुटला आणि कोकणातले किल्ले व फौज त्याच्यामागे उभी राहिली. त्याच वर्षी त्याला पकडून मारले. मला यात लक्षात राहते ते हे, की खोटेपणा एकदा उघडा पडलेला असूनही त्याला माणसे मिळाली. नाव भाऊंचे होते, तेवढे पुरले.

आता संगणकाकडे येतो. आज कुणी प्रोग्राम लिहायला बसला, की सगळे पहिल्यापासून लिहीत नाही. तारखा मोजणे, चित्र उघडणे, वेबसाइटवरून माहिती आणणे, अशा कामांचे तयार तुकडे दुसऱ्यांनी लिहून फुकट ठेवलेले असतात. त्यांना पॅकेज म्हणतात. ती जिथे नोंदवलेली असतात त्या मोठ्या कोठारांपैकी पायथॉनचे 'पायपीआय' २००३चे, जावास्क्रिप्टचे 'एनपीएम' २०१०चे. नाव टाइप करा, माल हजर. कोठारे उघडली तेव्हा येणारे-जाणारे थोडे होते, म्हणून दारावर फारशी विचारपूस ठेवली नाही. नाव मोकळे असेल तर कुणीही ते घ्यावे, असा साधा नियम. आमच्या भागात बोगस बियाण्याची पिशवी निदान पेरून, उगवण होईपर्यंत तरी थांबते. इथे बऱ्याच पॅकेजांतला मजकूर बसवतानाच चालतो, वापरायची वेळ येण्याआधी काम उरकलेले असते.

या फटीचे माप २०१६मध्ये हॅम्बुर्ग विद्यापीठातल्या निकोलाय त्शाखर या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी काढले. प्रसिद्ध पॅकेजांच्या नावांत किरकोळ चुका करून त्याने दोनशेच्या वर पॅकेजे चढवली. आत काही घातक नव्हते, फक्त 'मला कुणीतरी बसवले' एवढा निरोप परत यायचा. सतरा हजारांवर संगणकांवरून निरोप आले, त्यांत अमेरिकी सरकारी आणि लष्करी पत्तेही होते. म्हणजे इंग्रजी ज्यांच्या घरची भाषा आहे तेही घसरले! माझ्या विद्यार्थ्याला हे मी मुद्दाम सांगितले.

पुढच्याच वर्षी खरे चोर आले. जुलै २०१७मध्ये एनपीएमवर 'क्रॉसएन्व्ह' आले. मूळ पॅकेजच्या नावात मध्ये एक आडवी रेघ आहे, ती यात नव्हती. ते मूळ पॅकेजचे काम नीट करून द्यायचे, आणि संगणकावर ठेवलेल्या गुप्त किल्ल्या परक्या सर्व्हरला पाठवायचे. एकाच खात्यावरून अशी सुमारे ४० पॅकेजे चढवली होती. त्याच सप्टेंबरात स्लोव्हाकियाच्या सुरक्षा संस्थेने पायपीआयवरची दहा खोटी पॅकेजे जाहीर केली. एकात 'ॲक्विझिशन' या शब्दातला एक 'आय' गाळलेला होता. असल्या चुका मी दर परीक्षेत तपासतो.

पण मला सर्वांत अस्वस्थ केले ते 'जेलीफिश'ने. उर्दू शिकवणाऱ्याला नुक्त्याची जरब असते. एक नुक्ता वरून खाली घसरला, की 'खुदा'चे 'जुदा' होते. मुलांना हे शिकवताना मी म्हणतो, नीट पाहा, डोळे उघडे ठेवा. जेलीफिशच्या इंग्रजी नावात दोन छोटे 'एल' येतात. तोतयाने पहिल्याच्या जागी मोठा 'आय' बसवला. पडद्यावरच्या अनेक वळणांत ही दोन अक्षरे सारखीच दिसतात. म्हणजे ही स्पेलिंगची चूक नव्हतीच, डोळे उघडे ठेवूनही फरक दिसला नसता. हे पॅकेज डिसेंबर २०१८मध्ये चढले आणि डिसेंबर २०१९मध्ये सापडले. वर्षभर ते प्रोग्रामरांच्या सुरक्षा-किल्ल्या चोरायला कोठारात बसून होते. त्याच्यासोबत दुसरे एक खोटे पॅकेज होते, ते स्वतः निरुपद्रवी, पण या तोतयाला गुपचूप घरात घ्यायचे.

कोठारवाले झोपलेले नाहीत, पण हात अपुरे आहेत. २८ मार्च २०२४ला खोट्या नावांचा असा लोंढा आला, की पायपीआयने नवी खाती आणि नवी पॅकेजे काही तास बंदच ठेवली.

आता तर चूक माणसानेच करावी असेही राहिले नाही. मुले एआयला विचारतात, 'कोणते पॅकेज वापरू?' आणि ते कधी कधी अस्तित्वातच नसलेले नाव ठामपणे सांगते. एका संशोधकाने असेच एक सांगितले जाणारे नाव घेऊन रिकामे पॅकेज चढवून ठेवले. तीन महिन्यांत तीस हजारांवर वेळा ते उतरवले गेले. सुदैवाने ते नाव एका सज्जनाने घेतले होते.

हे सगळे परवा फोनवर त्या विद्यार्थ्याला सांगितले. तो म्हणाला, "सर, मी आता नाव टाइपच करत नाही. मूळ प्रकल्पाच्या पानावर जातो, कुणी लिहिलंय, कधीपासून आहे ते पाहतो आणि तिथूनच उचलतो." मग जरा थांबून हसला, "पण ते पान तरी खरं आहे का, तेही पाहावं लागतं."