अर्धशिशी, बालवयातील : ऑरा व मेंदूचा रक्तप्रवाह

अर्धशिशीच्या काही रुग्णांत डोके दुखू लागण्यापूर्वी दृष्टी, स्पर्श वा वाचा यांत जो तात्पुरता बिघाड होतो, त्यास ऑरा म्हणतात. त्यातील प्रत्येक लक्षण सामान्यतः ५ ते ६० मिनिटे टिकते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील ११ शिरोरोगांत अर्धशिशीशी मिळत्याजुळत्या अर्धावभेदक व सूर्यावर्त यांची गणना आहे. बो बिले यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत उप्साला येथील ७ ते १५ वर्षांच्या ८,९९३ शाळकरी मुलांपैकी ३.९ टक्के मुलांना अर्धशिशी आढळली.

मेंदूतील क्रिया : कार्ल लॅशली यांनी १९४१ साली, स्वतःच्या दृष्टिक्षेत्रात सरकत जाणाऱ्या अंधपट्ट्याच्या आकृत्या काढून, मेंदूच्या दृक्-बाह्यकात कसलासा विकार मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर गतीने पसरत असला पाहिजे असा हिशेब मांडला; १९४४ साली आरिस्तीदिस लेआओ यांनी सशाच्या मेंदूत जवळपास त्याच मंदगतीने पसरणारे विद्युत्-क्रियेचे शमन नोंदविले; आणि या दोहोंची सांगड पीटर मिल्नर यांनी १९५८ साली घातली. या प्रक्रियेत चेतापेशींच्या तीव्र उत्तेजनाची लाट पुढे सरकते व तिच्यामागे काही मिनिटांची निश्चलता येते. मुलास दिसणारी लखलखती, करवतीच्या दातांसारखी रेघ हा लाटेच्या अग्रभागाचा, तर रेघेमागचा न दिसणारा पट्टा हा त्या निश्चलतेचा आविष्कार होय.

रक्तप्रवाह : रक्तवाहिन्यांचे आकुंचन हेच ऑराचे मूळ, हे हॅरल्ड वुल्फ यांचे मत दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. परंतु १९८१ साली कोपनहेगनच्या संशोधकांनी दाखविले की रक्तप्रवाहातील घट हळूहळू पसरत जाते आणि रोहिणींच्या क्षेत्रमर्यादा जुमानत नाही. नूशीन हाजीखानी व सहकाऱ्यांच्या २००१ सालच्या एमआरआय-अभ्यासातही अशीच मंदगती आढळली. चेतापेशींच्या उत्तेजनाची ही लाटच पुढील डोकेदुखीस कारण होते की काय, याविषयी मतभेद आहेत.

मुलांविषयीचा पुरावा मुख्यतः अंग लुळे पडल्याने वा वाचा गेल्याने तातडीने तपासलेल्या रुग्णांचा आहे : बाधित भागात प्रथम रक्तप्रवाह कमी, नंतर कित्येकदा वाढलेला, आणि विद्युत्-आलेखातील लहरी मंदावलेल्या.

निदान : पक्षाघात एकाएकी होतो, अपस्माराचे दृष्टिभ्रम बहुधा सेकंदांत पसरतात आणि त्यांत रंगीत वर्तुळे अधिक दिसतात, ऑरा मात्र मिनिटामिनिटाने पुढे सरकतो. म्हणून काळाची हकीकत हा निदानाचा सर्वांत भरवशाचा आधार होय. जे मुलास शब्दांत सांगता येत नाही, ते त्याला पाटीवर काढावयास लावावे. या तपासणीस परभणी जिल्ह्यातील जिंतूर वा पालमच्या दवाखान्यातही खर्च पडत नाही. तेथे असो वा अन्यत्र, प्रथमच अर्धे अंग लुळे पडलेल्या वा वाचा गेलेल्या मुलास अर्धशिशी समजून घरी ठेवू नये, विनाविलंब रुग्णालयात दाखल करावे.

उपचार : अंधाऱ्या खोलीत विश्रांती, झोप व वजनानुसार वेदनाशामक औषध.